आश्वासक

भाचीने घरात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आई पेपर पसरून मटार निवडत बसली होती. "आजी, मी सोल गाते. सोल." आईने वर न बघता परात तिच्याकडे सरकवली. "मग सोल की. दोन किलो आहेत."

हा विनोद आमच्याकडे आता जुन्या पंचासारखा मऊ झालाय. पण त्या दिवशी पोरीने खरोखरच मांडी घातली आणि शेंगा सोलता सोलता आजीला सोल म्हणजे काय ते सांगितलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची चर्च. तिथे एक जण ओळ सोडतो, बाकीचे ती झेलतात, कुणी टाळ्या धरतं, मधेच कुणाला भरून येतं. मग १९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी त्याच धाटणीच्या चालींतून देवाला हळूच बाजूला सरकवलं आणि त्याच्या जागी प्रेयसी बसवली. चर्चमधली वडीलधारी मंडळी भडकली, बाकीचा देश नाचायला लागला. आई सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे भजनाच्या चालीवर लावणी. आपल्याकडे उलटं करतात."

मी गेली तीस वर्षं गाण्याबद्दल काहीबाही वाचत आलेय. एवढ्या कमी शब्दांत हे कुणी उरकलेलं पाहिलं नव्हतं.

तर त्या सोलचा भाचीचा पहिला अल्बम गेल्या नवरात्रात आला. सात गाणी, सगळी मिळून सव्वीस मिनिटं. पाच इंग्रजी, दोन मराठी. पोरगी चोवीस वर्षांची. दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात लोकांचे पगार काढते आणि संध्याकाळी गाणी लिहिते. भाड्याने स्टुडिओ घेऊन पाहिला होता, पण मीटर पडतोय म्हटल्यावर तिचा गळा आखडतो. रिक्षातही ती मीटरकडेच बघत बसते. म्हणून रेकॉर्डिंग घरी झालं, म्हणजे ताईकडे, मानपाड्याला, बाराव्या मजल्यावर.

बेडरूममधलं गोदरेजचं कपाट सताड उघडायचं. माइक साड्यांच्या पुढ्यात उभा करायचा. एक गोधडी खिडकीच्या दांडीवर, दुसरी भाचीच्या पाठीमागे. ती दुसरी धरायचं काम माझं. साड्या आवाज पितात. भिंतीवर आपटून तो जसा अंगावर परत येतो तसा पैठणीवरून येत नाही. हे शास्त्र मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, डांबरगोळ्यांच्या वासात, मे महिन्यात, पंखा बंद करून.

खरी अडचण होती ठाण्याची. सकाळी घोडबंदर रोडवरचं मेट्रोचं काम, मग भंगारवाला, मग वरच्या मजल्यावरचं ड्रिल. संध्याकाळी खाली पोरांचं क्रिकेट, रात्री येऊरच्या बाजूची कुत्री. कबुतरं चोवीस तास. उरली फक्त दुपारची दोन ते चार. कितीही टॉवर उभे राहू देत, ठाणं अजून दुपारी दोन ते चार झोपतं. दुकानांची शटर अर्धी खाली येतात, वॉचमन खुर्चीत मान टाकतो. ते दोन तास आमचे. फक्त ताई दवाखान्यातल्या ड्यूटीवरून तीनला येते आणि आल्या आल्या तिला ताट लागतं, म्हणून अडीचला कुकर चढवायचा.

चौथ्या गाण्याचा तिसरा टेक. पहिले दोन फुकट गेले होते, एकात कबुतर, एकात मी शिंकले. तिसरा लागत गेला. काही टेक सुरुवातीलाच कळतात. डोळे मिटलेले, उजवा हात पोटावर, कपाळावरून घाम ओघळतोय तो पुसायची शुद्ध नाही. आणि स्वयंपाकघरातून पहिली शिट्टी. मी गोधडीआडून तिच्याकडे बघितलं. तिने डोळे न उघडता डावा तळवा वर केला, थांब. मी थांबले. पुढची ओळ गाताना तिने काहीतरी केलं. काय ते मला तेव्हा समजलं नाही, एवढंच जाणवलं की गाणं त्या शिट्टीला वळसा घालून न जाता तिच्या अंगावरून गेलं. दुसरी शिट्टी झाली ती तर ओळ संपताना, जणू ठरवून. गाणं संपलं तरी ती हलली नाही, म्हणून मीही हलले नाही. मग तिने हेडफोन काढून हेच घ्यायचं म्हणून सांगितलं, ऐकून बघितलं, पुन्हा ऐकून बघितलं. तो टेक शिट्ट्यांसकट अल्बमवर आहे.

आमचं भांडण झालं ते श्वासावरून. आम्ही दोघी एकाच बाईंच्या शिष्या, मी आधी, ती वीस-पंचवीस वर्षांनी. बाईंकडे पहिले सहा महिने गाणं कमी आणि श्वास जास्त. श्वास चोरायचा. ऐकणाऱ्याला कळता कामा नये, खांदे उचलता कामा नयेत, तोंडाने फस्स आवाज आला तर बाई पेटीचा भाता थांबवून नुसत्या बघत राहायच्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत भाची मध्यमा पूर्णपर्यंत आली, विशारदला मात्र तिने पाय मागे घेतला. तेव्हा घरात बरीच आदळआपट झाली. बाई काही बोलल्या नाहीत.

आणि आता तिच्या रेकॉर्डिंगमध्ये श्वासच श्वास. प्रत्येक ओळीआधी आत ओढलेला, कधी अर्धवट, कधी घशाला घासून गेलेला. मी म्हटलं, हे काढून टाक, कॉम्प्युटरवर निघतं ना सगळं? ती म्हणाली, "मावशी, रात्री इयरफोन लावून ऐक, मग सांग." ऐकलं. एका ठिकाणी ती श्वास घेते आणि गातच नाही. तालाच्या चार मात्रा जातात. मग गाते, तेव्हा आवाज खाली आलेला असतो. मघाशी जे बोलायचं होतं ते तिने बोलायचं टाळलंय, हे त्या गिळलेल्या श्वासावरून कळतं, शब्दांत ते कुठेच नाही. माझी तालीम तीस वर्षांची, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं. अजूनही ख्यालात असला श्वास मी खपवून घेणार नाही. पण तिथला काढून टाक म्हणायचं मी थांबले.

मराठी गाण्यांपैकी एकात 'जवळ' हा शब्द आहे. सोलच्या गायकीत ओळीचा शेवट लांबवतात, त्या एका अक्षराला पाच-सात सुरांतून फिरवून आणतात. आपल्या हरकतीची लांबची बहीण म्हणा. पण 'ळ' फिरत नाही. जीभ मागे वळून टाळूला लागली की सगळं तिथेच संपतं. पोरीने या एका अक्षरावर दोन आठवडे घालवले. शब्द बदल म्हटलं तर ऐकेना, "दुसरा शब्द जवळचा नाही." शेवटी सगळी फिरत तिने 'व'वर उरकली आणि 'ळ' नुसता टेकवला, निजलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटून घ्यावं तसा. त्या अल्बममधलं मला सर्वांत आवडतं ते हे अर्ध्या सेकंदाचं 'ळ'.

अल्बम आला. पहिला आठवडा नातेवाइकांचा. ताईच्या सोसायटीत अभिनंदनाचे पुष्पगुच्छ फिरले, ते पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी गाणं ऐकलं देव जाणे. काकांनी फोन करून विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण एखादं नाट्यगीत म्हणून दाखव ना." आईने सातही गाणी ऐकली आणि झोप छान लागली म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात एका इंग्रजी मासिकाच्या संगीताच्या पानावर सहा ओळी आल्या. खरोखरचं परीक्षण, ओळख ना पाळख असलेल्या माणसाने लिहिलेलं.

सहा ओळींत त्याने एमी वाइनहाउस या इंग्लंडच्या सोल गायिकेची आठवण काढली. चौथ्या गाण्यात दुरून येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा कल्पक वापर आहे असं लिहिलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती, हे त्याने कुठेतरी वाचलं असणार. गायिका ठाण्याची म्हटल्यावर कुकरची आगगाडी व्हायला वेळ लागत नाही. आणि शेवटी तो शब्द: प्रॉमिसिंग.

भाची खूश होती. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, प्रॉमिसिंगला मराठीत काय म्हणतात गं? आजीला वाचून दाखवायचंय."

मी म्हटलं, "आश्वासक." आणि मला घाम फुटला.

कारण हा शब्द माझा. १९९४ ते १९९७ अशी तीन वर्षं मी ठाण्यातल्या एका साप्ताहिकात गाण्याच्या कार्यक्रमांचे वृत्तांत लिहायची. एका वृत्तांताचे पंचाहत्तर रुपये आणि कार्यक्रमाचा पास. गडकरी रंगायतन, घंटाळीचं सहयोग मंदिर, गणपतीतले मंडप, दिवाळीची पहाट, कुठे कुठे फिरले. संपादकांचा नियम होता, दीडशे शब्द, त्यात प्रायोजकाचं नाव आलंच पाहिजे, आणि प्रत्येक कलावंताला एक विशेषण. ज्येष्ठांना 'भारदस्त' किंवा 'कसदार'. साथीदारांना 'समर्पक', तबला असो, पेटी असो, बासरी असो. आणि पहिल्यांदा गाणाऱ्या मुलींना 'आश्वासक'. मुलांना कधीकधी 'दमदार' मिळायचं. मुली मात्र सरसकट आश्वासक.

आता खरं सांगायला हरकत नाही. आश्वासक म्हणजे मी मध्यंतराआधीच उठले. नवी मुलगी पहिली गायची, मोठे कलाकार नंतर. तिचा पहिला राग चालू असताना मी पास देणाऱ्यांशी बोलत बाहेर असायची, किंवा रंगायतनच्या बटाटावड्याची रांग वाढायच्या आत गाठत असायची. आत येऊन दहा मिनिटं ऐकायचं. जेवढं ऐकलं त्यावर लिहिता येत नाही, म्हणून पुढच्यावर लिहायचं. पुढे ही चांगली गाईल. हे कधी चूक ठरत नाही. ठरलं तरी तोपर्यंत साप्ताहिकाच्या अंकात कुणीतरी भजी बांधलेली असते.

शब्दाकडे नीट बघितलं तर तो फार चावट आहे. आश्वासक, म्हणजे जी आश्वासन देते ती. कुणाला दिलं होतं बिचारीने? ती एक बडा ख्याल आणि एक नाट्यपद म्हणायला आली होती. आश्वासनं आमच्याकडे नगरसेवक देतात, चोवीस तास पाण्याची. ती पुरी झाली नाहीत तर मतदाराला रागवायचा हक्क आहे. पण गाणाऱ्या मुलीकडून न मागता वचन लिहून घ्यायचं आणि मग दहा वर्षांनी 'हिच्याकडून फार अपेक्षा होत्या' म्हणून हळहळायचं, हा कुठला न्याय?

भाचीच्या त्या परीक्षणानंतर मी महिनाभर हेच शोधत बसले. परदेशातल्या सोल गायिकांच्या पहिल्या अल्बमला तिकडच्या जाणत्यांनी काय म्हटलं होतं? वाटलं होतं, तिकडे तरी मध्यंतराआधी उठत नसतील.

अरेथा फ्रँकलिन. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने तिचा अल्बम काढला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकाने नवी तारका गायिका म्हणून तिचं नाव घेतलं. म्हणजे आमच्या भाषेत उदयोन्मुख. पारख चुकली नव्हती, चूक पुढे झाली. पुढची पाच-सहा वर्षं कंपनीने तिला जॅझ गायला लावलं, रंगभूमीवरची गाणी गायला लावली, मागे व्हायोलिनांचे ताफे उभे केले, सगळं करून बघितलं. आवाज सगळ्यांना कळत होता, त्याचं करायचं काय ते कळत नव्हतं. १९६७ च्या जानेवारीत, नव्या कंपनीकडून, ती अलाबामातल्या मसल शोल्स गावच्या फेम स्टुडिओत गेली. तिथे तिला पियानोवर बसवलं. लहानपणी बापाच्या चर्चमध्ये बसायची तसं. एक दिवस काम झालं, रात्री भांडण झालं, बाकीचं न्यूयॉर्कमध्ये पुरं करावं लागलं. पण त्या एका दिवसात काम झालेलं होतं. आणि गंमत म्हणजे तिचं अगदी पहिलं ध्वनिमुद्रण या सगळ्याच्या आधीचं, डेट्रॉइटमधल्या त्या चर्चमधलंच, ती चौदा वर्षांची असतानाचं. पियानो तिथे होता, ती होती, गाणं होतं. ज्याची सगळे वाट बघत बसले ते मागे पडलं होतं.

ॲडेलच्या बाबतीत तर कमालच. इंग्लंडच्या ब्रिट पुरस्कारवाल्यांनी समीक्षकांच्या पसंतीचा म्हणून एक नवा पुरस्कार काढला आणि पहिला तिला दिला. जाहीर केला डिसेंबर २००७ मध्ये. तिचा पहिला अल्बम बाजारात आला जानेवारी २००८ च्या शेवटी. बारशाआधी पत्रिका. ती पत्रिका खरी निघाली हा भाग वेगळा.

पण मी अडकले ती एमी वाइनहाउसपाशी. एकतर भाचीच्या परीक्षणात तिचं नाव होतं, आणि दुसरं म्हणजे तिचा पहिला अल्बम मी स्वतः चुकीच्या क्रमाने ऐकला होता. २००८ च्या फेब्रुवारीत तिला दुसऱ्या अल्बमसाठी पाच ग्रॅमी मिळाली. त्या बातमीनंतर ऑफिसातल्या एका मुलाने मला दोन्ही अल्बम भरून दिले. सकाळच्या ठाणे लोकलमध्ये दुसरा आधी ऐकला, पहिला नंतर. मुलुंड जाईपर्यंत मला तो कच्चा वाटायला लागला होता. दुसऱ्यात काय ती शिस्त, तीन मिनिटांत काळीज कापून मोकळी. आणि पहिल्यात ही पोरगी नुसती बडबडतेय.

'फ्रँक' हे त्या पहिल्याचं नाव. ऑक्टोबर २००३ मध्ये लंडनला आला. ती नुकतीच वीस वर्षांची झाली होती. लंडनच्या टॅक्सीवाल्याची मुलगी, घरात जॅझच्या रेकॉर्ड, आणि अल्बमवर सलाम रेमीसारखा हिप-हॉपमध्ये मुरलेला निर्माता. समीक्षकांनी उचलून धरला. जुन्या जॅझ गायिकांपैकी कुणाला बिली हॉलिडे आठवली, कुणाला सारा व्हॉन, कुणाला नीना सिमोन. विशीतल्या मुलीच्या पहिल्या अल्बमच्या परीक्षणात इतक्या दिवंगत बायका! आमच्याकडेही हेच. 'हिच्या गाण्यात अमुक बाईंचा भास होतो' हे मी स्वतः निदान सहा वेळा लिहिलं असेल, आणि ते लिहिताना मला वाटायचं की मी मुलीला शालजोडी दिली. पुढच्या वर्षी तिकडच्या मर्क्युरी या अल्बमच्या पुरस्काराच्या यादीत 'फ्रँक' होता, त्यातल्या एका गाण्याला आयव्हर नॉव्हेलो हा गीतकारांचा पुरस्कार मिळाला. म्हणजे स्वागतात काही कमी नव्हतं.

आणि एमी काय म्हणत होती? मुलाखतीत सरळ सांगून मोकळी झाली की या अल्बममागे मी ऐंशी टक्केच उभी आहे. कंपनीने काही गोष्टी तिच्या मनाविरुद्ध घातल्या होत्या. आपण तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी ऐकलेलाच नाही, घरात ठेवलेलाही नाही, म्हणाली. जग ज्याला पायरी म्हणत होतं त्यातला पाचवा हिस्सा तिला स्वतःचा वाटत नव्हता, आणि कुठला पाचवा ते परीक्षणांमधून कुणाला कळलं नव्हतं.

अमेरिकेत तर 'फ्रँक' रीतसर निघाला नोव्हेंबर २००७ मध्ये, म्हणजे दुसरा अल्बम गाजून झाल्यावर. मी एकटीच उलटी ऐकणारी नव्हते, अख्खा देश होता. त्या पाच ग्रॅमींमधलं एक तर सर्वोत्तम नवोदित कलावंताचं होतं. पहिला अल्बम येऊन चार वर्षं होऊन गेली होती, दुसरा घरोघरी पोचला होता, आणि बाई अजून उदयोन्मुख. साडेतीन वर्षांनी, २३ जुलै २०११ ला ती गेली. सत्तावीस वर्षांची. मग सगळ्यांनी दोन्ही अल्बम पुन्हा ऐकले आणि पहिल्यात जागोजागी अशुभ खुणा सापडायला लागल्या. आधी त्यात भविष्यातली मोठी गायिका ऐकत होते, आता भविष्यातलं मरण ऐकायला लागले. २००३ मधल्या वीस वर्षांच्या मुलीकडे वळून बघायला कुणाला सवड झाली नाही.

या वेळी मी तो ठरवून ऐकला. उठायचं नाही म्हणून जमिनीवर बसून. जवळजवळ तासभराचा आहे, आणि माझ्या मते दहा-बारा मिनिटांनी जास्तच. ओळ सरळ सोडून देणं तिला जमतच नाही. प्रत्येक ओळीला शेपूट, प्रत्येक शेपटाला गाठ. शाळेतून नाच शिकून आलेली मुलगी पाहुण्यांपुढे गिरक्या घ्यायची थांबत नाही तसं. तालाच्या मागे मागे रेंगाळते, आता चुकली असं वाटावं इतकी, आणि सम आली की हसत दारात उभी. बोलता बोलता गाते, गाता गाता टोमणे मारते, स्वतःच्याच विनोदावर खूश होते. दुसऱ्या अल्बममध्ये हे हसू नाही. ते दुःख मोठं आहे, बांधीव आहे, ते मला मान्य. पण हा आगाऊपणा तिथे कुठून येणार? ती काही त्याची तयारी नव्हती. तो त्या वर्षीचा माल, त्याच वर्षी पिकलेला.

लॉरिन हिलचं उदाहरण मला जास्त टोचलं. अमेरिकेतल्या फ्युजीज या हिप-हॉप गटात नाव कमावून १९९८ च्या ऑगस्टमध्ये तिने पहिला स्वतंत्र अल्बम आणला, सोल आणि हिप-हॉप एकत्र मळून. पुढच्या फेब्रुवारीत दहा नामांकनं, पाच ग्रॅमी, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसकट. श्रेय कुणाचं किती यावरून साथीदार कोर्टात गेले, तेही मिटलं. आणि मग दुसरा स्टुडिओ अल्बम आलाच नाही. पाव शतक उलटून गेलं. लोक अजून हिशेब मागतात, सावकाराने दारात बसावं तसे. पहिला ऐकून झाला का रे तुमचा, असं त्यांना विचारावंसं वाटतं.

हे सगळं मी तावातावाने भाचीला सांगितलं. ती पोहे खात होती. म्हणाली, "मावशी, त्याने निदान ऐकलं तरी. रेल्वे तर रेल्वे."

मधे एक गोष्ट सांगायची राहिली. पाच-सहा वर्षांपूर्वी सव्वाआठच्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, समोरच्या बाईंनी मला नावाने हाक मारली. माझ्याच वयाच्या. चेहरा आठवेना. त्या म्हणाल्या, "सहयोग मंदिरात मी पूरिया धनाश्री गायले होते. तुम्ही लिहिलं होतंत." माझ्या पोटात गोळा आला. काय लिहिलं असेल ते मला न आठवताही ठाऊक होतं. मी विचारलं, "गाता ना अजून?" त्या म्हणाल्या, घरी गाते, मुलांचं झालं, सासऱ्यांचं झालं, मग राहिलं ते राहिलं. सूर तक्रारीचा नव्हता. मग म्हणाल्या, "तुम्ही माझ्या आडनावात एक अक्षर चुकवलं होतंत. मी ते पेनाने दुरुस्त केलं आणि कात्रण लॅमिनेट करून घेतलं." घाटकोपरला त्या उतरल्या. मी भायखळ्यापर्यंत पूरिया धनाश्रीची ती संध्याकाळ आठवायचा प्रयत्न करत होते. रंगीत पडदा आठवला, तंबोऱ्याची गवसणी आठवली. गाणं आठवलं नाही.

दिवाळीनंतर भाची म्हणाली, बाईंना ऐकवायचंय. मला वाटलं, कशाला? बाई त्र्याऐंशीच्या, त्यांना इंग्रजी गाण्यांत काय रस. पण गेलो. नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत, पुनर्विकासाची नोटीस खाली लागलेली, जिना आमच्या पायांना तोंडपाठ. बाईंनी भाचीला नमस्कार करू दिला, मला विचारलं, "तुझा गुडघा?" आणि पेटीच्या झाकणावर ठेवलेला फोन उचलून फोन आल्यासारखा कानाला लावला. स्पीकर नको म्हणाल्या. त्यामुळे सव्वीस मिनिटं आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, मुंगीच्या पावलाएवढा ठेका तेवढा. बाईंचा चेहरा बघायचा. 'जवळ' आला असणार तेव्हा त्यांची जीभ तोंडातल्या तोंडात हलली. श्वासांच्या जागा आल्या असणार तेव्हा मी खाली बघत होते.

सगळं संपल्यावर फोन त्यांनी मांडीवर उलटा ठेवला.

"चौथं. त्यातला एक निषाद चढा लागलाय."

"हो," भाची म्हणाली.

"मुद्दाम?"

"शिट्टी चढी होती, बाई. तिला धरून गेले."

बाईंनी डोळे मिटून तो निषाद गुणगुणून बघितला, एकदा सरळ, एकदा चढा. "मग बरोबर आहे. शिट्टी खाली येणार नाही, तुलाच जायला हवं." मग माझ्याकडे वळल्या. "किती झाल्या?"

"काय, बाई?"

"शिट्ट्या. गाण्यात दोन आहेत. पुढे?"

"मोजल्या नाहीत. सात-आठ."

"गॅस कुणी बंद केला?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी गोधडी धरून उभी होते."

"म्हणजे भात लागला."

लागला होता.